परीकथा, सकाळी दहाला

मंठ्यात टायपिंग म्हटलं की कौसल्या मॅडम, दुसरं नाव कुणी घेत नसे. बसस्टँडच्या मागच्या गल्लीत त्यांची दोन शटरची इन्स्टिट्यूट होती आणि ती सुरू होऊन एकोणतीस वर्षं झाली होती. आधी तिथं अठरा टाइपरायटर होते. त्यांच्या खडखडाटामुळं शेजारच्या बांगड्यांच्या दुकानात खैरुनबीला गिऱ्हाइकाशी ओरडून बोलावं लागायचं. पुढं सरकारनं परीक्षा कम्प्युटरवर नेली, मशिनी भंगारात गेल्या, बारा कम्प्युटर आले. गल्ली शांत झाली. खैरुनबीचं ओरडून बोलणं मात्र तसंच राहिलं.

मशिनी बदलल्या तरी मॅडमची शिस्त तीच होती. पाठ सरळ, नजर कागदावर, बोटं जागेवर. डाव्या मधल्या बोटाखाली क, उजव्या पहिल्या बोटाखाली र, आणि खाली बघायचं नाही म्हणजे नाही. जो बघेल त्याच्या हातावर त्या टॉवेल टाकत. टॉवेलखाली टाइप करून करून मंठा तालुक्यातली कितीतरी पोरं कारकून झाली होती.

पण गेल्या दोन-तीन वर्षांत येणारी पोरं काही वेगळीच होती. त्यांना लिहायला शिकवायची गरजच नव्हती, ती दिवसभर लिहीतच असत. फक्त दोन अंगठ्यांनी. की-बोर्डवर बसवलं की तेच दोन अंगठे पुढं यायचे आणि बाकीची आठ बोटं लग्नात आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी नुसती उभी राहायची.

यात सगळ्यात पुढं होती पायल. वीस वर्षांची, रोज खेड्यावरून बसनं यायची. भरतीसाठी तिला मिनिटाला तीस शब्दांचं सर्टिफिकेट हवं होतं. चार महिने झाले तरी ती बारा शब्दांवर अडकलेली. एके दिवशी ती स्क्रीनकडं बघत नुसतीच बसून राहिली.

"काय झालं?" मॅडमनी विचारलं.

"मॅडम, हा पुढचा शब्द सांगतच न्हाई."

"कोण?"

"कम्प्युटर. मोबाइलवर ‘आपला’ लिहिलं की ‘विश्वासू’ आपोआप येतं."

"आईबापानं दहा बोटं दिली तुला. आणि तू दोनावर भागवायला निघालीस."

वर्गात खसखस पिकली. पायल लाल झाली, पण पोरगी गप्प बसणारी नव्हती. ती म्हणाली, "मॅडम, राग नका मानू. तुम्ही एकदा मोबाइलवर लिहून बघता का? एकच उतारा. तुम्ही पण, मी पण."

चाळीस शब्दांची परीक्षा त्या काळी जिल्ह्यात पहिल्या नंबरानं पास झालेल्या बाईला हे कुणी विचारावं? कौसल्याबाईंनी चष्मा पुसला आणि फोन हातात घेतला. उतारा होता रस्तादुरुस्तीच्या अर्जाचा. सूरज नावाच्या पोरानं घड्याळ लावलं. पायलचे अंगठे काचेवर असे पळाले की बघणाऱ्याला ते दिसेचनात. तिचा उतारा संपला, तिनं बाटली काढून पाणी प्यायलं, बाटली परत पिशवीत ठेवली. मॅडम तेव्हा तिसऱ्या ओळीवर होत्या. एका बोटानं. कोंबडी दाणे टिपते तसं टिपत.

कुणी हसलं नाही, तेच त्यांना जास्त लागलं. "झाली वेळ," असं म्हणून त्यांनी त्या दिवशी क्लास वीस मिनिटं आधी सोडला.

घरी आल्यावर दार लोटून त्यांनी फोन टेबलावर आडवा ठेवला आणि दहाही बोटं रीतसर त्याच्यावर ठेवली. काचेला काय कळणार रीत? एका दमात ‘ककककररराससस’ असं कायतरी उमटलं आणि कुठंतरी बोट लागून ते सगळं माहेरी, धावड्याला त्यांच्या भावाकडं, अप्पारावकडं गेलं. पाच मिनिटांत अप्पारावचा फोन. "ताई, तब्येत बरी हाय न्हवं? दाजींना फोन दे."

दाजी म्हणजे राजानंद, कौसल्याबाईंचे यजमान. एसटीत कंडक्टर होते, आता रिटायर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "कौसल्या, आपल्याला काय करायचंय? तुझी दहा बोटं बराबर हायेत. काचच चुकीची हाय."

पण हे बोलणं त्यांना पटलं नाही. पायलपुढं हरल्याचं दुःख नव्हतं. आपल्याला येत नाही असं लिहिण्यातलं काहीतरी या जगात आहे, हेच त्यांच्या घशाखाली उतरत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी शटर उघडताना त्यांची नजर खैरुनबीच्या दुकानात गेली. खैरुनबी एका बाईला हिरव्या बांगड्या भरत होती. डाव्या हातात त्या बाईचं मनगट, आणि उजव्या हाताला जरा उसंत मिळाली की अंगठा मांडीवरच्या फोनवर. तो टिपत नव्हता. तो न उचलता काचेवरून नुसता फिरत होता, कढईत उलथनं फिरावं तसा. आणि फोनवर शब्द पडत होते. घनसावंगीला दिलेल्या लेकीशी, नसरीनशी, तिचं दिवसभर असं बोलणं चालायचं.

गिऱ्हाईक गेल्यावर कौसल्याबाई ओट्यावर टेकल्या. "भाबी, हे काय करता तुम्ही?"

"नसरीनला इचारून राह्यले, आज काय पकवलं म्हनून."

"ते न्हाई. हे बोट काय करतंय?"

खैरुनबीनं फोन पुढं केला. ती चौथीपर्यंत शिकलेली, तीही उर्दू शाळेत. इंग्रजी अक्षरांची नावं तिला धड येत नव्हती. पण कुठला शब्द कसा वळतो ते तिच्या अंगठ्याला पाठ होतं. "बगा बाई. ‘घर’ म्हंजी मधून जरासं उजवीकडं, मंग सरळ डावीकडं, मंग वर. झालं घर. बोट उचलायचं न्हाई. उचललं की तुटलं."

"आणि चुकलं तर?"

"तर त्याला कळतं आपल्याला काय म्हनायचंय. बिलकुल नवऱ्याच्या उलटं."

कौसल्याबाईंनी बोट ठेवलं, मधून जरासं उजवीकडं, सरळ डावीकडं, वर. काचेवर एक निळी रेघ उमटली, विरली, आणि वर शब्द आला, घर. इंग्रजी अक्षरांवरून फिरलेलं बोट आणि मराठीत आलेला शब्द. त्यांनी तो पुसला आणि पुन्हा काढला. मग ‘पाणी’. मग ‘आकाश’. ‘आकाश’ काढताना बोट डाव्या टोकावरून उजवीकडं गेलं, परत आलं, अगदी झोका घेतल्यासारखं. कौसल्याबाईंना एकदम हसू आलं. सत्तावन्न वर्षांची बाई, गल्लीच्या तोंडाशी ओट्यावर बसून एकटीच हसते आहे, हे बघून रसवंतीवाला राधेश्याम दोनदा वाकून बघून गेला.

त्या दिवसापासून त्यांना बोट थांबवणंच अवघड झालं. पोरांना कळू द्यायचं नव्हतं, म्हणून सराव लपून चाले. क्लास सुरू व्हायच्या आधी बांगड्यांच्या दुकानात, दुपारी घरी, संध्याकाळी भाजी निवडताना. पन्नास माणसांना त्यांनी निरोप पाठवले ज्यांना कधी सणाला सुद्धा पाठवला नव्हता. अप्पारावला विचारलं, म्हैस कशी आहे. माहेरच्या चांगुणाबाई काकूंना कळवलं की आज मंठ्यात ढगाळ आहे. चांगुणाबाई लिहीत नसत, त्यांनी बोलून उत्तर पाठवलं, "इथं बी हाय."

चुका तर पावलोपावली व्हायच्या. एका दुपारी राजानंद बसस्टँडवर जुन्या कंडक्टर मंडळींत गप्पा मारत बसले होते. कौसल्याबाईंना लिहायचं होतं, जेवण तयार आहे, या. बोट जरा अलीकडंच वळलं आणि निरोप गेला, "जीवन तयार आहे, या."

राजानंदांनी तो दोनदा वाचला. शेजारच्याला दाखवला. मग टोपी घातली आणि उन्हातून तरातरा घरी आले. दारात उभं राहून म्हणाले, "आलो. कुठं हाय?"

ताटात दोडक्याची भाजी होती. दोघं जेवायला बसले खरे, पण पहिला घास घ्यायला पाच मिनिटं लागली. हसण्यानं राजानंदांना ठसका लागला, त्यांची पाठ चोळता चोळता कौसल्याबाईंनाही.

एवढं झाल्यावर माणसानं पाठवण्याआधी वाचून घ्यावं. मॅडम स्वतः पोरांना तेच शिकवत. पण वेगाची एक नशा असते. एका शनिवारी संध्याकाळी त्यांनी इन्स्टिट्यूटच्या ग्रुपवर पहिल्यांदाच बोट न उचलता सबंध सूचना लिहिली. रविवारी सराव परीक्षा घ्यायची होती. सूचना एका झपाट्यात झाली, पाठवली, आणि फोन उशीखाली ठेवून त्या कणीक मळायला गेल्या. मध्ये एकदा डोकावल्या तेव्हा निरोपाखाली चाळीसच्या चाळीस पोरांनी अंगठे दाखवले होते. आजवर एवढा प्रतिसाद कधी आला नव्हता. आपली शिस्त अजून टिकून आहे असं त्यांना वाटलं.

रविवारी पावणेदहाला त्या गल्लीच्या तोंडाशी आल्या आणि थबकल्या. शटरपुढं ही गर्दी. पोरं तर होतीच, पण पोरांच्या बरोबर त्यांची धाकटी भावंडं होती. कुणाच्या कडेवर, कुणाच्या बोटाला धरून. दोन बायका लेकरं घेऊन पायरीवर बसलेल्या. एक आजोबा नातवाला घेऊन आले होते, त्यांनी घरून सतरंजीही आणली होती.

"हे काय आहे?" मॅडमनी पायलला विचारलं.

पायलनं आपला फोन पुढं केला. त्यांचाच निरोप होता, त्यांच्याच नावानं. "उद्या सकाळी दहाला परीकथा आहे. सर्वांनी वेळेवर हजर राहावे. उशिरा येणाऱ्यास आत घेतले जाणार नाही. हॉलतिकीट सोबत आणावे."

मॅडमनी तो वाचला. परीक्षा लिहिताना बोट एका अक्षरानं डावीकडं सरकलं होतं, बस. एवढ्यानं परीक्षेची परीकथा झाली होती.

"आम्हाला वाटलं मॅडमनी कायतरी नवीन सुरू केलं," सूरज म्हणाला. "मी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर पण टाकलं."

कौसल्याबाईंचे कान तापले. सरळ सांगावं की चूक झाली, घरी जा. तेवढ्यात आजोबांचा नातू पुढं आला. त्यानं हातातला कागद वर धरला. त्यावर पेन्सिलीनं चौकोन काढून आत लिहिलं होतं, हॉलतिकीट.

मॅडमनी ते तिकीट घेतलं, तपासलं, परत केलं आणि शटर वर ढकललं. "चला आत. लहान मुलं पुढं. कम्प्युटरवर बसणारे कम्प्युटरवर बसा, बाकीचे मोबाइल काढा. मी सांगते ते सगळ्यांनी टाइप करायचं. सराव तर सराव."

खैरुनबीनंही दुकानाला पडदा ओढला आणि स्टूल घेऊन दारात बसली.

आता गोष्ट सांगायची कशी? एकोणतीस वर्षं त्यांनी फक्त अर्ज, परिपत्रकं आणि कार्यालयीन उतारे सांगितले होते. त्यांनी घसा साफ केला आणि सुरुवात केली, "एका राज्यात एक राजा होता. सदर राजास एक राणी होती. सदर राजाकडे शंभर गाई होत्या. तथापि, राजा राणीशी बोलत नसल्याने ती रुसली व जंगलात निघून गेली."

बारा की-बोर्ड आणि वीस-पंचवीस फोन कामाला लागले.

"उपरोक्त जंगलात एक राक्षस राहत होता," मॅडम म्हणाल्या, आणि पुढच्या रांगेतल्या एका चिमुरडीनं विचारलं, "तो काय खायचा?"

मॅडम थांबल्या. असं मध्येच विचारणारं कुणी त्यांना आजवर भेटलं नव्हतं. "भाकर," त्या म्हणाल्या. "आणि ठेचा. पण त्याला भाकरी थापता येत न्हवत्या. त्याचं एकेक बोट होतं लाटण्याएवढं. भाकर थापायला गेला की तिला भोक पडायचं. मंग ते भोक गळ्यात घालून फिरायचा, हार म्हनून."

पोरं खिदळली. ‘सदर’ आणि ‘उपरोक्त’ तिथंच गळून पडले. मॅडमची पाठ टेबलाला टेकली, हात हवेत फिरायला लागले, आणि लहानपणी धावड्याला बोलत तशी भाषा तोंडात आली. राणीनं राक्षसाला भाकर थापायला शिकवली. राक्षस राणीला झाडाएवढं उंच धरून लांबचं गाव दाखवायचा. तिकडं राजा महालात एकटाच बसून गाईंशी बोलायला लागला होता, आणि गाई त्याला कंटाळल्या होत्या. शेवटी गाईंनीच त्याला शिंगावर धरून जंगलाच्या वाटेला लावलं.

"मंग?" दारातून खैरुनबी म्हणाली.

"मंग राजा आला. राक्षसानं दार उघडलं. राजा घाबरून थरथरायला लागला. राक्षस म्हणला, आत या, भाकर गरम हाय. पण आधी राणीला विचारा, तुमी आत आलेलं तिला चालंल का."

राणी काय म्हणाली, हे ऐकायला वर्ग इतका गप्प झाला की फक्त बटणांचा पाऊस पडल्यासारखा आवाज ऐकू येत होता. आणि तेव्हा मॅडमचं लक्ष पायलकडं गेलं. पायल तिसऱ्या कम्प्युटरवर होती. तिची मान वर होती. डोळे मॅडमच्या चेहऱ्यावर, तोंड अर्धवट उघडं. खाली तिची दहाही बोटं आपापल्या जागी उठत होती, पडत होती, तिला न विचारता.

मॅडमनी आपली नजर तिथून काढून घेतली. सांगितलं असतं तर पोरीनं खाली बघितलं असतं. त्यांनी गोष्ट अजून लांबवली. राणीनं राजाला तीन प्रश्न विचारले, राजानं दोन चुकीची उत्तरं दिली, राक्षसानं त्याला कानात तिसरं सांगितलं. शेवटी सगळे जेवायला बसले. राणी परत गेली की नाही? गेली, पण दर रविवारी राक्षसाकडं येत राहिली.

"थांबा," मॅडम म्हणाल्या. "आता वाचायचं. एकेकानं."

खरा धिंगाणा तिथं सुरू झाला. फोनवाल्यांनी गोष्ट ऐकत ऐकत, न बघता अंगठे पळवले होते, आणि फोननं आपल्या मनाचं लिहून टाकलं होतं. पहिल्या पोरीनं वाचलं, "एका राज्यात एक रजा होती." दुसऱ्याच्या राजाकडं शंभर घाई होत्या. तिसऱ्याची राणी रुसली नव्हती, ती रशियाला गेली होती, आणि तिथल्या जंगलात तिला मराठी बोलणारा राक्षस भेटला होता. एकाच्या राजानं मान हलवायच्या ऐवजी मण हलवला होता. आजोबा म्हणाले, "आमच्या काळी लोक हलवायचे मण," आणि ते ऐकून पायरीवरच्या बायका एकमेकींच्या खांद्यावर पडल्या.

सूरजनं तर टाइपच केलं नव्हतं. त्यानं माइक चालू करून फोन मांडीवर ठेवून दिला होता. त्याच्या फोननं जे ऐकलं ते सगळं लिहिलं. त्यानं गंभीरपणे वाचलं, "राक्षसानं राणीला उंच धरलं आई मला शू आली थांब जरा भाकर गरम आहे पाय काढ ना माझ्यावरून राजा थरथरायला लागला."

कौसल्याबाई इतक्या वर्षांत वर्गात कधी मोठ्यानं हसल्या नव्हत्या. त्या दिवशी हसता हसता त्या खुर्चीवरून सरकल्या आणि जमिनीवर, पोरांच्या सतरंजीवरच बसल्या. डोळ्यांतून पाणी. चष्मा कुठं गेला ते कुणाला माहीत नाही. खैरुनबी ओरडली, "बाईला पानी द्या जल्दी," आणि स्वतःच हसायला लागली.

पायलची पाळी शेवटी आली. तिनं स्क्रीनकडं बघितलं आणि वाचायला सुरुवात केली. राजा राजाच होता. गाई गाईच होत्या. राणी रुसली होती आणि जंगलातच गेली होती. सबंध गोष्टीत तीन चुका. वाचता वाचता तिचा आवाज बारीक होत गेला, कारण काय झालंय ते तिचं तिलाच कळायला लागलं होतं. मॅडम उठल्या, चष्मा शोधून घातला आणि शब्द मोजले. मिनिटाला सत्तावीस.

"मॅडम, हे मी न्हाई केलं," पायल म्हणाली. "मी तर ऐकून राह्यले होते."

"हो," मॅडम म्हणाल्या. "असंच असतं ते."

मग त्यांनी आपला फोन काढला. पोरांपुढं कबूल करायला आता काही लाज उरली नव्हती. "मला तुझ्यासारखे दोन अंगठे चालवता येत न्हाईत. पण हे बघ," असं म्हणून त्यांनी बोट न उचलता लिहिलं, पायल पास होणार. आणि पाठवण्याआधी या वेळेस नीट वाचून घेतलं.

ती परीक्षेला बसली तेव्हा जालन्याच्या सेंटरवर गोष्ट सांगायला कुणी नव्हतं. तिनं मॅडमना नंतर सांगितलं की उतारा पाणीपुरवठा योजनेचा होता, पण मनातल्या मनात ती तो मॅडमच्या आवाजात ऐकत होती. निकाल आला त्या दिवशी ती बसमधून उतरून पळतच गल्लीत आली, तेहतीस शब्द, आणि पेढे आधी खैरुनबीच्या दुकानात वाटून मग इन्स्टिट्यूटमध्ये गेली. कारण मॅडम आत नव्हत्याच, त्या खैरुनबीच्या ओट्यावर बसल्या होत्या.

रविवारची गोष्ट पुढं चालूच राहिली. फॉर्म न भरलेली लेकरंच जास्त यायची. आणि पायल पास झाली त्याच्या दुसऱ्या सोमवारी नवीन बॅच सुरू झाली, तेव्हा पहिल्या कम्प्युटरवर खैरुनबी येऊन बसली. बुरखा नीट आवरून, पाठ सरळ करून, दोन फोटो आणि आधारकार्ड टेबलावर ठेवून.

"भाबी, तुम्ही?"

"नसरीन म्हनते, अम्मी, तुझा एकच अंगठा किती काम करनार. बाकीच्यांना बी लावा कामाला, बाई."

कौसल्याबाईंनी तिची बोटं धरून एकेक जागेवर ठेवली. बांगड्या भरून भरून ती बोटं मऊ आणि चपळ झाली होती, कुठं किती दाबायचं ते त्यांना आधीच कळत होतं. खैरुनबीनं क दाबला. मग र. मग खाली बघितलं.

मॅडमनी टॉवेल उचलला.